चार वाजताचं ध्रुवपद

दुपारचे चार वाजले की खंडेराव उठून हातपाय धूत, तोंडावर पाणी मारत आणि पत्नी मालनबाईंपुढे कपाळ करून उभे राहत. मालनबाई देव्हाऱ्यातल्या डबीतून चिमूटभर बुक्का घेऊन त्यांच्या कपाळी लावत. मग ते हॉलमधल्या चौरंगाला हात लावून तो हात छातीशी नेत आणि मांडी घालून बसत. चौरंगावर पोथी नव्हती. पुठ्ठ्याचे पाचशे तुकडे होते.

हा जिगसॉ योगिनीनं, त्यांच्या एकुलत्या मुलीनं, पुण्याहून आणला होता. चित्र कुठल्याशा परदेशातल्या गावाचं. बर्फ, तळं, लाल छपरांची घरं आणि वर भलंमोठं आभाळ. पहिल्याच दिवशी खंडेरावांनी विचारलं होतं, हे गाव कुठलं. मालनबाईंना तरी काय ठाऊक. त्यांनी सांगून टाकलं, इगतपुरीच्या वर. ते त्यांना पटलं, कारण इगतपुरीच्या वर धुक्यात काहीही असू शकतं असं निफाडकडच्या माणसाला वाटतंच.

तीन वर्षांपासून खंडेरावांना विसर पडत चालला होता. डॉक्टरांनी त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, मालनबाई नुसतं 'विसर' म्हणत, जसा ताप म्हणावा, खोकला म्हणावा. गावाकडचा मळा पुतणे करत होते. नवरा-बायको शहरात आडगाव नाक्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती, दवाखाना जवळ म्हणून. आपला मजला कितवा हे खंडेरावांना सांगता येत नसे. पण हातांना विसर पडला नव्हता. पंचवीस हंगाम त्यांनी पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडली होती. घड धरायचा तो देठाला, मण्याला बोट लागू द्यायचं नाही, नाहीतर वरची पांढरी झाक पुसली जाते आणि माल परत येतो. आता जिगसॉचा तुकडाही ते टोकाला धरून उचलत, उजेडाकडे नेत, डोळे बारीक करत आणि मग कुठं टाकायचा ते ठरवत. मालनबाईंनी द्राक्षं भरायच्या प्लॅस्टिकच्या जुन्या पनेटी मांडून ठेवल्या होत्या. निळं एकीत, लाल एकीत, पांढरं दोन वेगळ्या पनेटींत, कारण बर्फाचा पांढरा आणि ढगाचा पांढरा खंडेरावांनी कधी एकत्र होऊ दिला नाही. मालनबाईंना तो फरक चष्मा लावूनही दिसत नसे. निवडणं त्यांचं, जोडणं हिचं. असं ते गाव रोज दोन-चार बोटं वाढत होतं.

हे झालं हातांचं. कानांची गोष्ट निराळी.

पॅकहाऊसचा हंगाम संपला की खंडेराव टाळकरी. निफाडच्या आसपास कुठं सप्ताह बसला, बहिरूबुवांचं कीर्तन असलं, की मागच्या रांगेत खंडेराव ठरलेले. बुवांचं निरूपण असं, की ऐकताना तान्ही पोरंसुद्धा रडायची राहत. पण त्यांचा दम कमी. बोलता बोलता ते मध्येच थांबत आणि मागं न बघता उजवा हात वर करत. त्याच घडीला ध्रुवपद उचललं गेलं पाहिजे, आणि उचलणारा पहिला गळा खंडेरावांचा. बुवा कौतुकानं सांगायचे, हा मागं ओळ धरून उभा राहतो म्हणून मी श्वास घेतो, नाहीतर माझं कीर्तन धाप लागूनच संपलं असतं. मालनबाई समोर बायकांत बसून हे डोळे भरून पाहत. सगळ्या ओळी, सगळ्या चाली त्यांना पाठ होत्या, पण त्यांनी कधी ओळ उचलली नाही. त्यांच्या गावात बायकांनी ऐकायचं, मान डोलवायची, टाळी धरायची. ध्रुवपद मागच्या रांगेचं.

बुवा देवाघरी गेले. पाठोपाठ खंडेरावांचा विसर आला. डॉक्टर म्हणाले, हातांना काम द्या, कानांना सोबत द्या. म्हणून आधी फोनवर कीर्तनंच लावून पाहिली, आणि तिथंच चुकलं. मृदंगावर थाप पडली की खंडेराव उठून उभे. टोपी शोधत, टाळ शोधत, नाही मिळाले की दार उघडून चालू लागत. दोनदा ते निमाणीच्या बसस्टँडवर सापडले, निफाडची गाडी कधीची म्हणून ज्याला त्याला विचारताना. मालनबाईंनी टाळ कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या मागं सारले आणि फोनमधली सगळी कीर्तनं योगिनीकडून काढून टाकली. स्वतःच्या जिवाला लागलेलं ते ऐकणंही त्या दिवसापासून सुटलं. मृदंगावाचून त्यांना घर पडक्या देवळासारखं वाटे. पण हे दुःख देवालाच सांगण्याजोगं होतं, माणसाला नाही.

मग योगिनीनं त्याच फोनवर ऐकायचं पुस्तक लावून दिलं. थंड हवेच्या गावातला बंगला, बाईसाहेबांचा हार चोरीला जातो, इन्स्पेक्टर शोध घेतात, एवढीच गोष्ट. वाचणारा माणूस सावकाश वाचायचा, मध्ये मध्ये चांगला थांबायचा. पहिले तीन दिवस खंडेराव मुकाट्यानं तुकडे निवडत राहिले. चौथ्या दिवशी तो माणूस म्हणाला, इन्स्पेक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला, आणि प्रकरण संपलं म्हणून थांबला. खंडेरावांच्या चिमटीत तळ्याचा निळा तुकडा होता. त्यांनी मान वर केली नाही. मोकळ्या गळ्यानं, बहिरूबुवांच्या चालीत ओळ उचलली,

"इन्स्पेक्टराने कप... खाली ठेवियेला."

मालनबाई आधी हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना.

तेव्हापासून रोज तेच. मोटार घाटात शिरली, बाईसाहेब काहीच बोलल्या नाहीत, स्वयंपाक्यानं अंडी उकडायला टाकली. काहीही असो, वाचणारा थांबला की खंडेराव उचलत, दोनदा घोळवत आणि तो पुन्हा बोलू लागला की सोडून देत. हार कुणी चोरला ते मालनबाईंना कधी कळलंच नाही, कारण नेमक्या त्या जागी खंडेराव गात असत. दिवसभर त्यांना ही बायको ओळखू येत नसे. बाई, तुमचं घर कुठं, असं विचारत. ताट पुढं केलं की सरकवत आणि मालन आल्यावर जेवतो म्हणत. पण चार ते साडेपाच हा माणूस आपल्या रांगेत उभा असे. मालनबाईंचा उरलेला सगळा दिवस त्या दीड तासाला टेकून उभा होता.

संकट होतं ते बाकीच्या तासांचं. गुरुवारी सकाळी आंघोळीला नेताना खंडेराव घाबरले. ही कोण परकी बाई आपल्या सदऱ्याला हात घालते, असं वाटलं असणार. त्यांनी मालनबाईंचं उजवं मनगट धरलं आणि पिळलं. मण्याला कधी धक्का न लावणारी बोटं ती. मालनबाईंनी दवाखान्यात जाऊन पट्टा बांधून घेतला आणि योगिनीला फोनवर सांगितलं की बाथरूममध्ये पाय घसरला, मनगट दुखावलं.

योगिनी पुण्यात शाळेत शिकवते. पोरांच्या सबबी ऐकून ऐकून तिचा कान तयार झालेला. पाय घसरला तर मनगट कसं, एवढंच तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्र्यंबक रस्त्यावरच्या केंद्राचा विषय काढला. विसर पडलेल्या माणसांना तिथं सांभाळत. ती स्वतः जाऊन बघून आली होती. स्वच्छ होतं, झाडं होती, माणसं मायेनं बोलत होती. सोमवारी एक जागा मोकळी होणार होती आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"अजून ध्रुवपद धरतोय गं मानूस," मालनबाई म्हणाल्या. "आन् त्याला लोकाच्या घरी ठेवायचं म्हणतीस?"

"आई, ते काय धरतात ते मला माहीत नाही. तुला कोण धरतंय ते सांग."

"तू ये शनिवारी. चारला आमच्यापाशी बस. मग बोल."

 योगिनी म्हणाली, की आप्पा खरंच तसे दिसले तर ती केंद्राला नाही सांगेल. बिनपगारी रजा टाकेल, दोन महिने इथं येऊन राहील, पुढचं पुढं. मालनबाईंनी फोन ठेवला तो देव्हाऱ्यासमोरच. देवाला त्यांनी फार काही मागितलं नाही. एकदा, फक्त शनिवारी.

शनिवारी योगिनी जेवणाच्या वेळेला आली. चित्र पुरं होत आलं होतं, वरचं आभाळ तेवढं बाकी होतं. मालनबाईंनी योगिनीला पुस्तक मागं नेऊन कपाच्या प्रकरणाशी आणून ठेवायला सांगितलं, कारण ती ओळ हमखास. तरी त्यांच्या जिवाला थारा नव्हता. एवढा मोठा निकाल, आणि तो नुसत्या नशिबावर कसा सोडायचा. फोनमधल्या आवाजाला जर हा माणूस इतका जागतो, तर टाळ हातात असल्यावर भिंती दणाणतील, मग पोरीच्या मनात शंकेला जागाच उरायची नाही. मृदंग काही वाजणार नाही, तेव्हा उठून जायचं भय नाही. असा सगळा विचार करून त्या स्टुलावर चढल्या आणि डाव्या हातानं साड्यांमागचे टाळ काढले. पांढरी टोपीही काढली. टाळ पदरानं पुसले.

चारला खंडेराव हातपाय धुऊन आले. बुक्का लावून घेतला. मालनबाईंनी टोपी घातली आणि टाळ पुढं केले.

टाळ बघून खंडेराव थांबले. मग त्यांनी दोरी बोटांना गुंडाळली, बरोबर दोन वेढे, आणि टाळ एकमेकांवर हलकेच टेकवून कानाशी नेले. पाठ सरळ झाली. त्यांनी समोर बसलेल्या योगिनीकडं पाहिलं आणि मालनबाईंना हळूच म्हणाले, पाहुण्या बाईंना वाऱ्याला बसवा. योगिनीनं मान खाली घातली. पण मालनबाईंचा जीव हरखला. असं भान त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळ्यांनीच लेकीला खुणावलं, आता बघ.

पुस्तक सुरू झालं. बंगला आला, पाऊस आला, नोकर चहा घेऊन आला. मालनबाई तुकडा हातात घेऊन नुसत्याच बसल्या. इन्स्पेक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला, असं म्हणून तो आवाज थांबला.

खंडेराव ऐकत राहिले.

थांबा संपला, पुढचं प्रकरण लागलं. पुन्हा एक जागा आली, पुन्हा गेली. मालनबाईंनी ओठ हलवून ओळ पुरवायचा प्रयत्न केला. खंडेरावांनी त्यांच्याकडं पाहिलं, कीर्तनात कुणी मध्येच बोललं की बघावं तसं. मग टाळ मांडीवर ठेवले.

"कोन वाचतंय हे?"

"बुवा हायेत," मालनबाई म्हणाल्या. "धरा ना, अहो. थांबलेत ते."

"हे बुवा नाय." आवाज स्वच्छ होता, पंचवीस वर्षांपूर्वीचा. "गोष्ट वाचतंय कुनीतरी. विनेकरी कुठं हाय? मृदंगी कुठं हाय? विना उभा नाय आन् मी टाळ वाजवू? बुवा काय म्हनतील?"

खरं बोलत होते. विणेकरी विणा घेऊन उभा राहिल्यावाचून टाळाला टाळ लावायचा नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. मालनबाईंना ती ठाऊक नव्हती असं थोडंच आहे. पण आशेला लागलेल्या माणसाला ठाऊक असलेलंही वेळेवर आठवत नाही.

खंडेराव उठले. विणेकऱ्याला कुठंतरी उशीर झालाय, बघून येतो, म्हणाले आणि दाराकडं निघाले. मालनबाई आडव्या गेल्या. कीर्तन उद्या आहे, आज नाही, असं काहीबाही सांगू लागल्या. खंडेरावांना ही बाई वाट अडवते एवढंच कळलं. त्यांनी तिला बाजूला करायला हात धरला, तोच उजवा. मालनबाई कळवळून खालीच बसल्या. योगिनी धावली. आप्पा, आप्पा, म्हणत तिनं एक एक बोट सोडवलं. त्या ओढाताणीत पट्टा सरकला. खाली चार बोटांचे काळेनिळे वळ होते.

योगिनीनं ते नीट पाहिले. 

"हे कधीचं?"

"गुरुवारचं," मालनबाई म्हणाल्या.

दोघींनी मिळून खंडेरावांना पुन्हा चौरंगाशी बसवलं. मालनबाईंनी टाळ मागितले, ते त्यांनी मुकाट्यानं दिले. वर सांगितलं, कोरड्यात ठेवा बाई, उद्याच्या कीर्तनाला लागतील. टोपी काढली तेव्हा कपाळावरचा बुक्का टोपीच्या कडेला लागला होता. योगिनीनं आपल्या फोनवर केंद्राचा नंबर शोधला, आईकडं एकदा पाहिलं आणि बोलायला गॅलरीत गेली. दार लोटून घेतलं. मालनबाईंनी तिला थांबवलं नाही. काय म्हणून थांबवायचं?

आत जाऊन त्यांनी बॅग काढली. दोन पायजमे, तीन सदरे, मफलर, कारण त्र्यंबककडं गारठा जास्त. डाव्या हातानं घड्या नीट बसत नव्हत्या. एक सदरा त्यांनी तीनदा घडी केला. मनात एकच गोष्ट फिरत होती. आज या घरात त्यांचा नवरा आला होता. टाळाच्या दोरीला वेढे घालणारा, खोट्या कीर्तनाला ओळ न देणारा, बुवांना काय वाटेल म्हणून लाजणारा, तो खराखुरा. आणि त्याला बोलावून आणलं ते आपणच, याच हातांनी. रोजच्यासारखा विसरलेला राहू दिला असता तर आज इथं राहिला असता. हे लेकीला कोणत्या शब्दांत सांगायचं, आणि सांगून सोमवार थोडाच टळणार होता. देवा, तुझ्या दारची शिस्त पाळली रे त्यानं, एवढं त्या पुटपुटल्या. 

बाहेर पुस्तक चालूच होतं. ते बंद करायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. तो संथ आवाज बंगल्याच्या बागेतून चालला होता. पाऊस उघडला, असं म्हणाला. माळ्यानं कंदील खुंटीला लावला, असं म्हणाला आणि थांबला.

"माळियाने कंदील..." हॉलमधून गळा उठला. "खुंटीस लाविला."

मालनबाई सदरा तसाच हातात धरून दारात आल्या. खंडेराव खाली मान घालून आभाळाचे तुकडे निवडत होते. पनेटीत तुकडा टाकला, दुसरा टोकाला धरून उचलला, ओळ पुन्हा घोळवली. एक मात्रा इकडची तिकडं नाही. गॅलरीच्या काचेपलीकडं योगिनी पाठमोरी उभी होती, फोन कानाला, एक बोट दुसऱ्या कानात, खाली रस्त्यावर टेम्पोंचा गोंगाट म्हणून. अजून बोलणं संपलं नव्हतं. एक हाक पुरे होती.

खंडेरावांचा दम तिसऱ्या खेपेला अपुरा पडला. 'माळियाने' म्हणून ते अडकले, छाती वर गेली, आणि तुकडा धरलेला हात नकळत उचलला गेला. मागं न बघता, बहिरूबुवा करायचे तसा.

मालनबाईंनी तोंड उघडलं ते योगिनीला हाक मारायला. बाहेर पडली ती ओळ.

"माळियाने कंदील खुंटीस लाविला."

जन्मात पहिल्यांदा. आवाज फाटका होता, चाल मात्र बरोबर. खंडेरावांनी श्वास घेतला. मग तेही त्यात आले, आणि दोघांनी ती ओळ आणखी दोनदा म्हटली. तोवर वाचणारा पुढं निघून गेला होता, तरी म्हटली.

गॅलरीचं दार उघडलं. सोमवारी अकराला बोलावलंय, असं सांगत योगिनी आत आली आणि आईच्या तोंडाकडं पाहून थबकली.

"आई, तू गात होतीस?"

"हां," मालनबाई म्हणाल्या.

त्या चौरंगाशी बसल्या. सदरा मांडीवर ठेवला. खंडेरावांनी एक तुकडा टोकाला धरून त्यांच्यापुढं केला. तो ढगाचा आहे की बर्फाचा, हे मालनबाईंना कळलं नाही. विचारलं तर ते सांगतील का, याचा विचार करत त्यांनी तो हातात तसाच धरून ठेवला.